न झालेली भेट

श्रोतेहो, आजचा जाहीर विषय ‘ब्रिटिश राण्यांचा कारभार आणि पडदा’ असा आहे आणि कारभाराकडे मी येणारच आहे; पण त्याआधी एका भेटीविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही, कारण ती भेट कधी झालीच नाही आणि सिनेमाच्या पडद्यावर मात्र ती पुनःपुन्हा होत आली आहे.

स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ साली आश्रयासाठी इंग्लंडमध्ये आली आणि जवळजवळ एकोणीस वर्षे इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कैदेत राहिली. एवढ्या काळात दोघींनी एकमेकींचे तोंडही पाहिले नाही. जर्मन नाटककार शिलरने १८०० सालच्या नाटकात त्यांची गाठ घालून दिली आणि तोच पायंडा पडला. १९७१ साली पडद्यावर व्हेनेसा रेडग्रेव्ह आणि ग्लेंडा जॅक्सन समोरासमोर आल्या, तर २०१८ साली सर्शा रोनन आणि मार्गो रॉबी टांगलेल्या कापडांच्या आडून एकमेकींना शोधताना दिसल्या. (मेरी पडद्यावर फार आधी आली. एडिसनच्या कंपनीने १८९५ साली तिचा शिरच्छेद दाखवला, तेव्हा मेरी झाला होता एक पुरुष. फाळक्यांच्या तारामतीचे काम अण्णा साळुंक्यांनी केल्याचे आपण जाणताच.)

माझी तक्रार अभिनेत्रींविषयी मुळीच नाही. खरे नाट्य कागदावर घडले असताना ते दोन चेहऱ्यांवर आणून ठेवले जाते, याचे मला वाईट वाटते. १५८६ साली मेरीची सांकेतिक पत्रे बिअरच्या पिंपाच्या बुचात दडवून बाहेर जात, एलिझाबेथचा हेरप्रमुख वॉल्सिंगहॅम याचा माणूस फेलिप्स ती उलगडून नक्कल करून घेई आणि मूळ पत्र पुढे धाडी. एलिझाबेथच्या हत्येच्या कटाला संमती देणाऱ्या ज्या पत्राने मेरीचा घात झाला, त्याच्या नकलेवर त्याने फासाचे चित्र काढले होते. पुढच्या फेब्रुवारीत एलिझाबेथने मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली आणि मेरीचे मस्तक उडाल्यावर, तो हुकूम रवाना करायला आपण सांगितलेच नव्हते, असे म्हणून सचिव डेव्हिसनला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकले. त्या सहीपुढे कोणती भेट टिकणार आहे?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी हाती आली आहे, म्हणून कारभाराचे थोडक्यात सांगतो. व्हिक्टोरियाने १८३७ ते १९०१ अशी त्रेसष्ट वर्षे राज्य केले, पण पडद्याने तिच्या आयुष्यातून निवडले ते प्रामुख्याने पती आल्बर्ट आणि सेवक जॉन ब्राउन व अब्दुल करीम. अ‍ॅन राणीच्या काळात १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड एक राज्य झाले, तरी तिच्यावरचा २०१८ सालचा गाजलेला चित्रपट सर्वाधिक रमतो तो तिच्या मर्जीतल्या दोन स्त्रियांच्या चुरशीत. प्रेम आणि मत्सर यांना चेहरा असतो, फाइलला तो नसतो, हे दिग्दर्शकांचे म्हणणे मला मान्य नाही. ‘द क्राऊन’ मालिकेत दुसऱ्या एलिझाबेथच्या भूमिकेतली क्लेअर फॉय सरकारी कागदांची लाल पेटी उघडून एकटी वाचत बसते, तेव्हा प्रेक्षक खिळून राहतो.