किराया, मनीऑर्डर आणि कुलूप

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे 'भाडेकरू' म्हणतात. आपण इंदूरवाले 'किरायेदार' म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणणार.

रामबागेत आमच्या काकांचा वाडा होता. पुढच्या खोल्यांत पंचेचाळीस रुपये किरायाने एक कुटुंब राहायचं. मागच्या दोन खोल्या रिकाम्या, पण कुलूपबंद. 'एकदा शिरला की निघत नाही,' हे काकांचं ठरलेलं वाक्य. कोणीतरी त्यांना सल्ला दिला, किराया घेऊच नका, म्हणजे थकबाकी होईल आणि खाली करवता येईल. किरायेदार हुशार निघाला. दर महिन्याला मनीऑर्डर करायचा. पोस्टमन यायचा, काका मान हलवायचे, पोस्टमन 'लेने से इन्कार' लिहून परत न्यायचा. परत आलेले ते सगळे कागद किरायेदाराने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. कोर्टात तो डबा उघडला आणि काकांचा दावा तिथेच बसला.

आपल्या मध्य प्रदेशातला 1961 चा स्थान नियंत्रण कायदा, म्हणजे किरायेदारीचा कायदा, असा आहे. कलम 12 मध्ये दिलेल्या कारणांशिवाय खाली करवता येत नाही. थकबाकी हे एक कारण, पण मागणीची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत किरायेदाराने पैसे दिले किंवा देऊ केले, तर ते कारण उरत नाही. घराच्या टंचाईच्या काळात हे संरक्षण गरजेचंच होतं. पण त्याची किंमत मोजली ती वाड्यात आधीपासून असलेल्याने नव्हे, नंतर खोली शोधत आलेल्याने. त्याच्यासाठी कुलूप.

1983 च्या दुरुस्तीने मात्र एक वेगळी वाट काढली. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे किरायेदाराला समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. काका गेल्यावर काकूंचे गुडघे जिना चढू देईनात. काकांना दिवाणी कोर्टात जे जमलं नाही, ते काकूंना या वाटेने मिळालं.

आता इंदूरच्याच भंवरकुआ भागात जा. कोचिंगची मुलं, एका खोलीत तिघं, करार अकरा महिन्यांचा. अकराच का? वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या कायद्याने नोंदवावाच लागतो, ती खटपट आणि खर्च टाळायचा. (पुण्याच्या जावयाकडून 'लीव्ह अँड लायसन्स'चा नमुना मागवू नका. तो महाराष्ट्राच्या कायद्याला धरून असतो.)

केंद्राने जून 2021 मध्ये आदर्श किरायेदारी कायदा मंजूर केला. लेखी करार हवाच. राहत्या जागेसाठी डिपॉझिट फार तर दोन महिन्यांचं. मालकाला खोलीत यायचं असेल तर चोवीस तास आधी कळवायचं, आणि भांडण झालं म्हणून पाणी-वीज तोडायची नाही. उलट मुदत संपूनही किरायेदार हलला नाही, तर पहिले दोन महिने दुप्पट, मग चौपट किराया. मला हे दोन्हीकडून पटतं. पण हा नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू.

श्रोत्यांत पहिल्या रांगेतले एक काका मघापासून हात वर करून आहेत. हो, विचारा. 'माझा किरायेदार 1985 पासूनचा आहे, त्याचं या नव्या कायद्यात काय?' काही नाही, काका. हा कायदा पुढच्या करारांसाठी आहे. तुमचं भांडण जुन्याच कायद्याने चालेल. आणि हो, त्याची मनीऑर्डर आली तर परत पाठवू नका.