बिचाऱ्या भोकावर आळ

मंडळी, ‘मागे पोर्ट, म्हणजे नळीचं भोक, असलेला स्पीकर भिंतीजवळ ठेवू नका’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यानं मग तो ठेवायचा कुठे, पलंगावर? माझ्या मते भिंतीपाशी बेस फुगतो त्याचा त्या भोकावर उगाच आळ घेतला जातो.

ते करतं काय बघा. खोक्यात कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते, नळीतली हवा वजनाचं, आणि ही जोडी एका ठरावीक सुरावर घुमते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की होतं तेच. बेल लॅबोरेटरीजमधल्या आल्बर्ट थुरास यांना याचं पेटंट 1932 साली मिळालं. लहान स्पीकरांत हा सूर बहुधा 45 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो. आता 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर! खोक्याचं पोट कुठलं आणि पाठ कुठली, याचं तिला सोयरसुतक नसतं. ती चहूकडे पसरते. म्हणून भिंतीपाशी बेस फुगतो तो पुढे भोक असलेल्या स्पीकरचाही आणि बिनभोकाच्या बंद खोक्याचाही. एका भिंतीनं 6 डेसिबलपर्यंत भर पडते, कोपऱ्यात त्याहून जास्त. भोकामागे हवा खेळायला जागा हवी, हे मान्य. पण व्यासाच्या दुप्पट, म्हणजे साधारण चार-पाच इंच, बहुतेकदा पुरतात.

खरी गोम भिंतीवरून परतणाऱ्या आवाजात आहे. वूफरपासून, म्हणजे बेस काढणाऱ्या मोठ्या भागापासून, मागची भिंत लहरीच्या पाव लांबीवर असली, की परतलेला आवाज मूळ आवाजाला खातो. अंतर एक मीटर असेल तर हा खड्डा 86 हर्ट्झला पडतो, ऐन डग्ग्याच्या मुलखात. तिथे पडदे-गालिचे काहीही करू शकत नाहीत. तेच अंतर 40 सेंटिमीटर केलं तर खड्डा 215 हर्ट्झला सरकतो आणि तिथे मागच्या भिंतीवरचं चार इंची ग्लासवूल बऱ्यापैकी कामाला येतं. थोडक्यात, लहान खोलीत स्पीकर अर्धवट पुढे ओढणं हाच बऱ्याचदा सगळ्यात वाईट सौदा!

भिंतीजवळ नेल्यावर बेस अंगावर येऊ लागला तर भोकात फोमचा बोळा घाला, पायमोजाही चालतो. खालच्या सुरांकडे जाताना बेस मग सप्तकामागे 24 ऐवजी साधारण 12 डेसिबलनं, म्हणजे हळूहळू, उतरतो आणि राहिलेली उणीव भिंत भरून काढते. मात्र वूफरचा पडदा जास्त हलू लागतो, तेव्हा आवाज बेतानंच वाढवा.

आणि पारख करायला यंत्र नसलं तरी चालेल. तबल्याचं एखादं एकलवादन लावा. डग्ग्यावर मनगट दाबत काढलेली मींड खालून वर सलग सरकते. ती मध्येच एका जागी फुगली किंवा गायब झाली, तर स्पीकर चार बोटं सरकवा आणि तोच तुकडा पुन्हा लावा.