वखारीतला मुक्काम : फोर्ट कोची

(बोटीवरून दिसणारा फोर्ट कोचीचा काठ)

केरळातल्या एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला पुलांवरून गाडीनंही येता येतं. पण पहिल्यांदा येणाऱ्यानं पाण्यातूनच यावं. ही वस्ती वाढली ती पाण्याच्या जोरावर. माल बोटीनं यायचा, वखारीत उतरायचा आणि मिरी, सुंठ, काथ्या घेऊन बोटी परत निघायच्या. जुन्या प्रवासी बोटी अजून चालतात, शिवाय २०२३ साली कोचीत सुरू झालेली वॉटर मेट्रोही आता इथवर येते.

आज हे कोचीचं समुद्राकाठचं उपनगर आहे. १९६७ साली एर्नाकुलम, मट्टनचेरी आणि फोर्ट कोची या नगरपालिका एकत्र येऊन कोची महापालिका झाली. तोवर फोर्ट कोचीचा कारभार स्वतंत्र होता, आणि गल्ल्यांमधून चालताना तो वेगळेपणा आजही जाणवतो.

पोर्तुगीजांनी १५०३ साली इथे किल्ला बांधायला घेतला. १६६३ मध्ये डचांनी त्यांना हुसकावलं, १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना. किल्ला जवळपास नाहीसा झाला, घरं मात्र राहिली. तीही सगळी नाहीत. जानेवारी १८८९ मधल्या मोठ्या आगीत काठावरच्या कित्येक इमारती जळाल्या आणि मग काही नव्यानं उभ्या राहिल्या. म्हणून इथल्या एखाद्या घराचं वय एका आकड्यात सांगणं कठीण जातं. पाया एका काळातला, वरचा मजला दुसऱ्या आणि छप्पर तिसऱ्याच.

(बंद वखारीचं दार, गंजलेली कडी)

मग धंदाच हलला. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्यानं १९२० च्या दशकात बंदराच्या तोंडाशी आडवा पडलेला वाळूचा दांडा कापून मोठ्या बोटींना आत यायला वाट करून दिली. उपसलेल्या गाळाची भर घालून विलिंग्डन बेट तयार झालं. बंदराचं काम तिकडे गेलं आणि या बाजूच्या वखारी हळूहळू ओस पडल्या.

ओस पडलेलं घर खाऱ्या वाऱ्यात फार तग धरत नाही. कौल सरकतं, पाणी वाशात मुरतं, वाळवी लागते. रोज कुणीतरी दारं-खिडक्या उघडणारं असलं, तर हेच घर शंभर वर्षं सहज काढतं. गेल्या तीसेक वर्षांत केरळात पाहुण्यांचा ओघ वाढला आणि यातली बरीच घरं छोटी हॉटेलं म्हणून पुन्हा राहती झाली. मला यात समाधान वाटतं. संग्रहालय करून ठेवलेल्या घरात रात्री दिवा लागत नाही. इथे लागतो.

मासेमारीच्या चिनी जाळ्यांजवळचं लाल दर्शनी भागाचं कोडर हाउस हे कोडर या ज्यू व्यापारी कुटुंबाचं घर होतं, आता तिथे मोजक्या खोल्यांचं हॉटेल आहे. ब्रंटन बोटयार्ड या हॉटेलची गोष्ट निराळी. जुन्या गोदीच्या जागेवर जुन्या धाटणीत नव्यानं बांधलेली ती इमारत आहे. देखणी आहे, पण मूळ वास्तू म्हणून तिच्याकडे पाहू नये. सरकारी वर्गीकरणात ‘हेरिटेज हॉटेल’ म्हणवून घ्यायचं तर वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. पाटीवर काहीही लिहिता येतं, म्हणून हा फरक ध्यानात असलेला बरा.

(आतला चौक, वर चौकोनी आभाळ)

आता अशाच एका जुन्या घरात आत येऊ. रस्त्याकडे साधी उंच भिंत, मधे जाड फळ्यांचं दार. दार ओलांडलं की चौक. चौकाच्या चारी बाजूंनी व्हरांडा, त्यावर उतरतं छप्पर आणि मंगळुरी कौलं. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, आणि पुढे ही कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. चौकातली गरम हवा वर जाते, बाहेरची हवा खोल्यांमधून ओढली जाते. दुपारी पंखा बंद करून खिडकीच्या झडपा तिरक्या ठेवल्या, तर हे काम अंगाला कळतं. एसी लावून दारं मिटून बसणाऱ्याला निम्मं घर कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भिंत बघा. खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता येईल एवढी जाड. कोकणातल्या माणसाला हा दगड नव्यानं सांगायला नको. जांभा आहे. खाणीत असतो तेव्हा मऊ, चिरे सहज कापले जातात. उघड्यावर वारा लागला की घट्ट होतो. पण तो सच्छिद्र आहे, जमिनीतली ओल शोषून घेतो, आणि त्या ओलीबरोबर मीठही वर चढतं.

(गुडघ्याएवढ्या उंचीवर गिलाव्याचा पोपडा, जवळून)

इथे, जमिनीपासून दीड-दोन हातांवर, गिलावा फुगलाय. बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला लागते. लोणा लागलाय भिंतीला. पाणी बाहेर पडून वाळतं, मीठ मागे राहतं, त्याचे खडे होतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलतात. गिलावा चुन्याचा असेल तर ओल त्यातून निघून जाते, झीज गिलाव्यापुरती राहते आणि जांभा वाचतो. सिमेंट मारलं की ओल आत कोंडते. वरून भिंत गुळगुळीत दिसते, आतला दगड मात्र भुसभुशीत होत जातो. अशी फसवी डागडुजी झालेली घरं या भागात आहेत आणि ती पाहताना खरंच वाईट वाटतं.

गवंडी फुगलेला भाग खरवडून काढतो, भिंत झाडतो, वाळू देतो, मग चुन्याचा पातळ हात देतो. पुन्हा वाळण्याची वाट बघतो. केरळात या चुन्यासाठी शिंपले भाजण्याची जुनी रीत आहे, वेंबनाड तलावातून ते काढले जात आले आहेत. हे काम एकदा करून संपत नाही. पाहुणा खोलीचं जे भाडं देतो, त्यातला काही भाग या खरवडण्या-लिंपण्यात जातो. माझ्या लेखी मुक्कामाचं खरं मोल तिथेच आहे.

(पाऊस, पागोळ्या)

बहुतेक लोक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतात. घर जाणून घ्यायचं असेल तर जूनमध्ये या. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो या शहरात. कौलांवरून पागोळ्यांची जाळी सुटते, तरी पुढे काढलेल्या वळचणीमुळे व्हरांड्यातली खुर्ची कोरडी राहते. कपडे वाळत नाहीत आणि लाकडी दारं फुगून घट्ट बसतात, हेही आलंच.

उघडीप मिळाली की पायी निघा. सेंट फ्रान्सिस चर्च फार लांब नाही. वास्को द गामाला १५२४ साली तिथे पुरलं होतं, पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. लोक ती जागा बघून परत फिरतात. तुम्ही मान वर करून कापडी पंखे बघा. त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात, आणि प्रार्थना चालू असताना त्या ओढणारी माणसं बाहेर उन्हात बसायची.

खोली ठरवताना फोनवरच विचारा, ती मूळ घरात आहे की मागे नव्यानं बांधलेल्या भागात. झोप सावध असेल तर वरचा मजला मागा, कारण लाकडी तक्तपोशीवरचं प्रत्येक पाऊल खाली ऐकू येतं. आणि भिंतींची दुरुस्ती चुन्यानं करता की सिमेंटनं, हेही विचाराच. या प्रश्नावर मालक दहा मिनिटं बोलत राहिला, तर खोली तिथेच घ्या.