भाग दोनची उचल

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा. मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे आणि सिनेमाचं जुनं वेड आहे, पहिलं खिसा भरतं आणि दुसरं रिकामा करतं, असं वीसेक वर्षं चाललंय. आज मला सांगितलंय की हे जे भागाभागाचे मोठे सिनेमे येतात, एक, दोन, तीन, युनिव्हर्स की काय म्हणतात ते, त्याच्यावर मनमोकळं बोला. आता मनमोकळं म्हणलंय तर तसंच बोलतो, कुणाचा हिरो दुखावला तर दुकानावर येऊन भांडा, चहा पाजीन.

तर २०२४ च्या जूनमध्ये मी मायला घेऊन लातूरला मुंज्या बघायला गेलो होतो. सिनेमा संपला, नावांच्या पाट्या सुरू झाल्या, लाईट लागले, झाडू मारणारा पोऱ्या मागच्या रांगेपासून पॉपकॉर्न गोळा करत पुढं यायला लागला, आणि मी काही उठेना. माय म्हणली, चल की रे, प्रसाद वाटणारेत का? म्हणलं थांब, अजून एक सीन असतो शेवटी. आणि खरंच होता, त्यात भेडिया आला, वरुण धवनचा. मायनं भेडिया बघितलेला नव्हता. हा कोण? म्हणलं हा दुसऱ्या सिनेमातला. मग इथं कामून आलाय? म्हणलं पुढच्यासाठी. ती पदर सावरत उठली आणि म्हणली, म्हणजे उचल घेऊन गेला म्हण की.

हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या बीड जिल्ह्यात उचल लहान लेकरालाही कळते. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आधी मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ पैसे देतो आणि मग सगळा हंगाम ती उचल फेडण्यात जातो. सिनेमावाल्यांनी ते उलटं करून टाकलंय, उचल ते घेतात आपल्याकडून, तिकिटाच्या रूपानं, आणि फेड म्हणे पुढच्या भागात, आणि पुढच्या भागात गेलं की तिथं तिसऱ्या भागाची पाटी. बरं मुकादम निदान हिशोबाची वही तरी ठेवतो.

भागात गोष्ट सांगायला माझा अजिबात विरोध नाही, उलट आपल्याइतकी त्याची सवय कुणाला असेल? गावोगाव सप्ताह बसतो, सात दिवस कीर्तन. लांबीचंही आम्हाला काही वाटत नाही, आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी गीतेवर सव्वा लाख ओव्या लिहिल्या असं सांगतात, त्यांच्या गावच्या माणसाला पुष्पा टू तीन तास वीस मिनिटांचा आहे म्हणून काय भ्या घालता. पण सप्ताहात एक असतं बघा, तिसऱ्या दिवशीचा महाराज असं कधी म्हणत नाही की अभंगाचं पहिलं चरण आज घ्या, अर्थ काल्याच्या कीर्तनाला सांगतो. त्या दिवसाचं त्या दिवशी पुरं होतं. ज्याला एकच दिवस जमलं तोही भरल्या पोटी घरी जातो. एवढंच माझं म्हणणं आहे.

बाहुबली घ्या. पहिला भाग आला जुलै २०१५ मध्ये, दुसरा आला एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षं अख्खा देश कटप्पाच्या नावानं ताटकळत होता. आपल्याकडं मधलं २०१६ साल कसं होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते साल. त्या उन्हाळ्यात टँकरला घागरी लावून पोरं उभी असायची आणि त्या रांगेत सुद्धा हाच विषय, कटप्पानं बाहुबलीला का मारलं. हसू नका, रांगेत उभं राहून दुसरं बोलायचं तरी काय, पाण्याचं बोलून पाणी येत नव्हतं. पण ती उचल नव्हती, कामून की पहिल्या भागात त्यांनी हात आखडलाच नव्हता. धबधबा दिला, ती प्रचंड मूर्ती उभी केली, कालकेयाची लढाई दिली, आणि एवढं सगळं वाढून झाल्यावर मग शेवटी तो प्रश्न टाकला. जेवण झाल्यावर दारात गप्पा रंगतात ना, तसा. आणि हिंदीत त्या प्रभासला आवाज आपल्या शरद केळकरचा, हे ज्याला माहिती नव्हतं त्याला मी दुकानात मुद्दाम सांगायचो, जसा काय माझा मावसभाऊ.

पुष्पाचंही तसंच, हिंदीतला आवाज श्रेयस तळपदेचा. मला पहिला पुष्पा जास्त आवडला, २०२१ चा. त्यात कष्ट दिसतात हो. लाकूड तोडणारा एक हमाल, मजुरी किती, धोका किती, रक्तचंदन लपवायचं कुठं, न्यायचं कसं, ह्याचं डोकं चालवत चालवत तो वर चढतो. दुसऱ्यात तो आधीच वर बसलेला, मग तीन तास वीस मिनिटं नुसतं त्याच्या वर बसण्याचं कौतुक. तरी त्यातला गंगम्माच्या जत्रेचा भाग, साडी नेसून अंगाला रंग लावून तो नाचतो तो, तिथं माय खुर्चीत पुढं सरकून बसली. ही जत्रा तिरुपतीकडं खरीच असते आणि पुरुष बायकांचा वेश घेतात. माय म्हणली, हा तर आपल्या देवीच्या आराध्यावाणी दिसतो, आणि तिनं चक्क हात जोडले. तुळजापूरला जाणारी बाई ती, तिला ती भाषा कळायची गरज नव्हती. असा एक सीन माझ्या लेखी विमानं उडवणाऱ्या दहा सीनना भारी आहे. आणि मग शेवटी परत पाटी, भाग तीन.

आता सिंघम अगेन. दिवाळी २०२४, १ नोव्हेंबर, त्याच दिवशी भूलभुलैय्या तीनही आला होता. मी दोन्ही बघितले, दुकान दोन दिवस बंद, ते घरी कसं खपलं ते विचारू नका. पहिला सिंघम २०११ चा, मला अजून आवडतो. एक साधा इन्स्पेक्टर, त्याचं गाव, त्याची माणसं, आणि समोर एक पुढारी गुंड, बस. आणि ह्या नव्यात काय, तर अजय देवगण आहे, मग अक्षय येतो, मग रणवीर, दीपिका, टायगर, आणि शेवटी सलमान पण तोंड दाखवून जातो. तुम्ही आपल्याकडची लग्नं बघितलीत ना? मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि माईकवाला म्हणतो, आपल्या विनंतीला मान देऊन अमुक साहेब उपस्थित आहेत, त्यांचा सत्कार, तमुक साहेबांचा सत्कार, मग शुभेच्छापर दोन शब्द, आणि तिकडं नवरदेव बाशिंग बांधून घामानं निथळतोय, पावणे अक्षता हातात धरून धरून त्याचा भात व्हायची वेळ, आणि मुहूर्त कवाच टळून गेलेला. अगदी तसंच. प्रत्येक हिरो आला की संगीत वाढतं, स्लो मोशन, शिट्ट्या, आणि गोष्ट बिचारी मांडवाच्या कोपऱ्यात उभी. मीही शिट्टी मारली, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना एसटीत आठवायला गेलो तर सत्कारच आठवले, लग्न काही आठवेना.

ते हेरगिरीचे सिनेमे, टायगर, पठाण, वॉर, त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. पठाण बघताना मजा आली, वॉर टू बघताना घड्याळ बघितलं.

मुंज्याकडं परत येतो. हा सिनेमा चालला ह्याचा मला फार आनंद झाला. मोठा हिरो नाही, दिग्दर्शक आपला आदित्य सरपोतदार, गोष्ट कोकणातली, आणि तरी शंभर कोटींच्या वर गेला. मात्र माझी एक बारीक तक्रार आहे. तिकडं मुंज्या म्हणजे भूत. आमच्याकडं मराठवाड्यात मुंजा म्हणजे शेताच्या बांधावरचा, पिंपळाखालचा देव हो, शेंदूर लावलेला, पेरणीच्या आधी नारळ फोडायचा. परभणीकडं तर मुंजाजी नावाची कितीतरी माणसं भेटतील. मायनं थेटरातून बाहेर आल्या आल्या पहिलं वाक्य हेच टाकलं की देवाला एवढं खोडसाळ दाखवायचं नव्हतं. म्हणलं अगं कोकणातला आहे तो. मग ठीकाय म्हणली, त्यांचा असंल.

आणि स्त्री, मुंज्या, भेडिया ह्यांची भट्टी जमली त्याचं कारण मला तरी हेच वाटतं की प्रत्येकाचं गाव वेगळं आणि भीती त्या गावची. स्त्री चंदेरीची, मुंज्या कोकणातला. पावणा म्हणून एकमेकांच्या घरी गेले तर गोड वाटतं. पण २०२५ च्या दिवाळीला थामा आला, दिग्दर्शक मुंज्याचाच, आणि त्यात मला पावण्यांची सरबराईच जास्त दिसली, भेडिया आला, मारामारी करून गेला, मूळ घरातल्या माणसांशी बोलायला वेळच नाही.

मराठीतही मालिका आहेत बरं का. दिग्पाल लांजेकरांचं शिवराज अष्टक, फर्जंद, फत्तेशिकस्त, पावनखिंड असं करत करत. त्यातला प्रत्येक सिनेमा सारखाच जमलाय असं मी म्हणणार नाही, लढाया पुष्कळदा स्टेजवरच्या वाटतात, पैशाची ओढाताण दिसते. पण पावनखिंड बघा. बाजीप्रभूंचं काय होणार हे चौथीतल्या पोराला माहिती आहे. शेवटी काही सरप्राईज नाही, आणि तरी तोफांचे आवाज झाले तेव्हा माझ्या शेजारचा चांगला दणकट गडी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. त्या एका रात्रीची गोष्ट त्या एका सिनेमात संपली. फक्त हे सिनेमे बघायला मिळायची मारामार, मोठा हिंदी-तेलुगू सिनेमा लागला की मराठीला सकाळी नऊचा शो, आता सकाळी नऊला लातुरात हजर व्हायचं तर आमच्यासारख्यानं निघायचं कधी? आणि आमच्या भागातली जुनी एक पडद्याची थेटरं बंद पडत गेली, एकाचं तर मंगल कार्यालय झालंय, तिथं आता ते सत्कार होतात.

राहिलं मार्व्हल, ते अमेरिकेतले सुपरहिरोंचे सिनेमे. हे वेड मला पुतण्यानं लावलं. एप्रिल २०१९ मध्ये एंडगेम आला, तो त्या मालिकेतला बाविसावा सिनेमा होता, आणि मी आधीचे जेमतेम चार बघितलेले. पोरानं लातूरपर्यंत एसटीत मला शिकवणी दिली, कोणता खडा कुणाकडं, कोण कुणाचा भाऊ, अगदी भाऊबंदकीच्या सातबाऱ्यासारखं. आणि आयर्न मॅन गेला तेव्हा काका-पुतण्या दोघंही रडलो. २००८ ला ज्याच्यापासून सगळं सुरू झालं तो माणूस गेला, गोष्ट पुरी झाली, जड मनानं बाहेर आलो, रसवंतीवर एक एक ग्लास रस पिलो आणि बोललोच नाही बराच वेळ.

तिथं थांबायला पाहिजे होतं. नंतर सिनेमे वाढले, वर मोबाईलवरच्या मालिका, एक सिनेमा समजायला दोन मालिका बघून या म्हणे, अहो मी काय एमपीएससीला बसलोय का. आणि मरणाची तर किंमतच घालवली. वोल्व्हरिन नावाच्या सुपरहिरोला २०१७ मध्ये काय सुंदर निरोप दिला होता, तो २०२४ ला परत हजर. आणि आता तर कळस, डिसेंबर २०२६ ला नवा अॅव्हेंजर्स येतोय, त्यात आयर्न मॅन झालेला तोच रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम म्हणून, खलनायक. म्हणजे ज्याचं आपण तेरावं जेवून आलो तो नाव बदलून दारात उभा. मायला हे सांगितलं तर तिनं भाकरी थापता थापता विचारलं, मग तेव्हाचं रडणं वाया गेलं का रे?

मला उत्तर देता आलं नाही. पुतण्याला विचारलं तर तो म्हणला, काका, तुम्हाला समजत नाही, ते वेगळं युनिव्हर्स आहे. आणि त्या तिकिटाचे दोनशे रुपये माझ्याकडून आत्ताच घेऊन गेला.