चतुर नावाचं विमान

ड्रॅगनफ्लाय म्हणजे आपला चतुर. पाऊस ओसरला की शेतावर घिरट्या घालणारा, चार पंखांचा. ड्रॅगनफ्लाय नावाचं हे विमानही तसंच. दोन्ही बाजूंना एकावर एक असे दोन पंख. इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीनं १९३५ साली ते पहिल्यांदा उडवलं, ते हौशी श्रीमंतांच्या प्रवासासाठी. प्लायवूडचं अंग, पंखांवर ताणून बसवलेलं कापड, १३० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं आणि मोटारीसारखी बंद केबिन, पाच जणांची.

कॅनडात मात्र त्याच्या वाट्याला पोलिसांची नोकरी आली.

अटलांटिकचा किनारा. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, तरी इथली चोरटी दारू थांबली नव्हती. जकात चुकवली की नफाच नफा. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला सेंट पियर आणि मिकलॉन ही फ्रान्सची चिमुकली बेटं आहेत. तिथून माल भरलेलं जहाज निघायचं आणि सागरी हद्दीच्या जरा बाहेर उभं राहायचं. हद्दीबाहेर पोलिसांचे हात बांधलेले. अंधार पडला की छोट्या मोटारबोटी माल उतरवून घ्यायच्या आणि एखाद्या निर्जन खाडीत शिरायच्या.

गस्ती बोटीच्या डेकवरून क्षितिज दिसतं आठ-दहा किलोमीटरवर. हजार फूट वर गेलात की तेच साठ किलोमीटरवर जातं.

पोलीस आयुक्त जेम्स मॅकब्रायन स्वतः वैमानिक होते. हा फरक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १ एप्रिल १९३७ रोजी रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांचा, म्हणजे मूळच्या घोडेस्वार दलाचा, हवाई विभाग सुरू झाला. ताफ्यात चार ड्रॅगनफ्लाय.

खिडकीशी बसलेल्याचं काम डोळ्यांचं. खालचा पंख नजरेआड येतो, म्हणून वैमानिक विमान कलवतो. आता बघा. मासेमारीचं जहाज म्हणावं, तर जाळी कुठे आहेत? सकाळपासून एकाच जागी का थांबलंय? नाव काय, तोंड कुठल्या दिशेला? एवढी खबर गस्ती जहाजांना मिळाली की रात्री कुठे दबा धरायचा ते ठरवता येई. एकही गोळी न झाडता, निव्वळ पाहून केलेलं हे काम. मला या विमानाचं अप्रूप आहे ते यासाठीच.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं. पोलिसांची ही चतुर विमानं हवाई दलाकडे गेली.