क्राय : रडण्याआधीची हाक

[दृश्य : प्रसूतिगृह. पहाटेचा उजेड. पाळण्यात नुकतंच जन्मलेलं बाळ.]

बाळ जन्माला आलं की रडतं. पण जरा जवळून बघा, त्याच्या डोळ्यांत पाणी नसतं. गालांवरून अश्रू ओघळायला अजून काही आठवडे जायचे आहेत. आत्ता आहे तो नुसता आवाज, खोलीतल्या प्रत्येकाला मान वळवायला लावणारा.

या आवाजाला इंग्रजीत 'क्राय' म्हणतात. शाळेत आपण 'क्राय म्हणजे रडणे' असं पाठ केलं. पुढे कधीतरी एखाद्या गोष्टीत कुणी 'क्राइड आउट' केलं, आणि तिथं तर कुणीच रडत नव्हतं. एका शब्दात ओरडणंही आणि रडणंही? या शब्दाच्या पोटात आधी ओरडणंच होतं. रडणं त्यात मागाहून शिरलं, सोळाव्या शतकाच्या सुमारास.

[दृश्य : जुन्या बायबलची पानं उलटतात.]

१६११ साली छापलेलं किंग जेम्स बायबल घ्या. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. येशूचा मित्र लाजर मेला आहे, त्याच्या बहिणी शोक करताहेत. येशूही रडतो, आणि तिथं शब्द येतो 'वेप्ट'. काही वचनांनंतर तोच येशू कबरीपुढे उभा राहून मोठ्यानं हाक मारतो, 'लाजरा, बाहेर ये.' या हाकेसाठी शब्द आहे 'क्राइड'. आजच्या इंग्रजी मुलाला या दोन शब्दांतलं अंतर समजावून सांगावं लागेल. त्या काळच्या श्रोत्याला ते कानानंच कळत होतं.

आणखी मागं जाऊ. १२८५. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड विंचेस्टरचा कायदा करतो. वाटेत कुणी लुटला गेला तर त्यानं आरोळी ठोकायची, आणि ती ज्याच्या कानी पडेल त्यानं चोराच्या मागं धावायचं. याचं नाव 'ह्यू अँड क्राय'. चोर हाती लागला नाही तर लुटीची भरपाई त्या भागातल्या लोकांच्या माथी. म्हणजे आरोळी ऐकणाऱ्यावर कायद्यानंच जबाबदारी येत होती.

हा शब्द इंग्रजांना फ्रेंचमधून मिळाला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची भाषा दरबारात आणि न्यायालयात बसली, तिच्यातला 'क्रिये' बाजारापर्यंत पोचला. आणि फ्रेंचकडे तो आला लॅटिनमधून, 'क्विरितारे' या क्रियापदातून. तिथं मात्र थांबायला हवं.

[दृश्य : रोम. भग्न स्तंभांमधून जाणारी फरसबंदी वाट.]

रोमचे नागरिक स्वतःला 'क्विरितेस' म्हणवत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला विद्वान वारो सांगतो : संकटात सापडलेला माणूस ओरडून क्विरितेसांकडे अभय मागतो, ते 'क्विरितारे'. 'नागरिकांनो, धावा!'

हा शब्द प्रत्यक्ष वापरलेला एका पत्रात सापडतो. इसवी सनापूर्वी ४३. स्पेनमधल्या रोमन प्रांताचा सुभेदार पोलिओ रोममधला राजकारणी आणि वक्ता सिसेरो याला आपल्या एका अधिकाऱ्याच्या, बाल्बसच्या, कारवाया कळवतो आहे. गादेस, म्हणजे आजचं कादिझ. फादियस नावाचा एक माजी सैनिक ग्लॅडिएटर म्हणून बांधून घ्यायला नकार देतो आणि लोकांच्या आश्रयाला जातो. बाल्बस त्या गर्दीवर घोडेस्वार सोडतो. फादियसला ओढून आणतात, जमिनीत पुरतात आणि जिवंत जाळतात. त्या वेळी बाल्बस नुकताच जेवून अनवाणी येरझारा घालत असतो, अंगरखा सैल, हात पाठीमागे. बिचारा फादियस ओरडतो, 'मी जन्मानं रोमन नागरिक आहे!' पोलिओनं इथं हेच क्रियापद वापरलं आहे. बाल्बस उत्तर देतो, 'जा आता, माग लोकांकडे अभय.'

दोन हजार वर्षांनंतरही हे वाक्य ऐकवत नाही. शब्दाचा अर्थ ठाऊक असलेल्या माणसानं तो अर्थच पायाखाली तुडवला आहे.

काही अभ्यासकांना वारोची व्युत्पत्ती पटत नाही. त्यांच्या मते मुळात हा डुकराच्या किंचाळण्याच्या आवाजावरून घडलेला शब्द. असेलही. आपण 'हंबरडा फोडला' म्हणतो, त्यात गाय आहेच की, वासरासाठी हंबरणारी.

[दृश्य : जुना वाडा. दारात बसलेली वृद्धा.]

मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते वेगळंच. हा प्रवास एकट्या 'क्राय'चा नाही. फ्रेंचमध्ये रडण्याला 'प्लरे' म्हणतात. तो ज्या लॅटिन 'प्लोरारे'वरून आला, त्याचा जुना अर्थ मोठ्यानं ओरडणं. इंग्रजी 'वीप'चा, म्हणजे मघाच्या 'वेप्ट'च्या मूळ रूपाचा, भाऊबंद गॉथिक या इंग्रजीच्या नात्यातल्या जुन्या भाषेत सापडतो, तिथं त्याचा अर्थ आरोळी देणं. आणि आपलं मराठी 'रडणे'? संस्कृतात 'रट्' म्हणजे आरडाओरडा करणं. प्राकृतात त्याचं 'रडइ' झालं, मराठीत 'रडणे'. जुना अर्थ कुठे गेला असं वाटत असेल तर 'ओरडणे' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. 'रडणे' त्याच्या आत बसलेलं आहे.

नुसतं डोळ्यांतून पाणी काढणाऱ्यासाठी आपण वेगळे शब्द ठेवले : मुसमुसणं, स्फुंदणं, टिपं गाळणं. रडणं मात्र भिंतीपलीकडे ऐकू जातं.

[दृश्य : संध्याकाळ. शिवारातली पायवाट, दूरवर वस्तीचे दिवे.]

इंग्रजीत फार लांबच्या गोष्टीला 'फार क्राय' म्हणतात. हाक पोचणार नाही इतकी दूर. स्कॉटलंडच्या कॅम्पबेल घराण्याच्या एका जुन्या म्हणीत हे शब्द आहेत. आपल्याकडे तर हाकेनं अंतर मोजून झालं आहे. संस्कृतात 'क्रोश' म्हणजे आरोळी, 'आक्रोश'मधला तोच, आणि ती आरोळी ऐकू जाते तेवढं अंतरही 'क्रोश'च. त्याचा झाला कोस. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तो कोस.

आणि त्याहून जवळचं, शेजारचं घर? ते हाकेच्या अंतरावर.

[आवाज : दुरून कुणाला तरी मारलेली हाक. क्षणभर शांतता. मग पलीकडच्या बांधावरून आलेली 'ओ'.]