दोन टाळ्यांमधले नाटक : अनेक कॅमेरे, अनेक ध्वनी आणि एक टाइमलाइन

नाटकाच्या चित्रीकरणाचे काम घेतले की संकलकाच्या टेबलावर काय येऊन पडते, तिथून सुरुवात करतो. तीन कॅमेऱ्यांची पाच-सहा कार्डे, स्वतंत्र रेकॉर्डरवरच्या ध्वनीच्या फाइल्स, नाट्यगृहाच्या मिक्सरवरून घेतलेला आवाज आणि बहुतेक वेळा निर्मात्याच्या पुतण्याने विंगेतून मोबाइलवर टिपलेले थोडे चित्रण, ज्यातला एक क्षण नेमका सगळ्यांना हवा असतो. हे सारे एकाच प्रयोगाचे असले, तरी प्रत्येक यंत्राने ती संध्याकाळ आपापल्या घड्याळाने मोजलेली असते. या घड्याळांचा मेळ घालणे म्हणजे सिंक करणे. तो मेळ एका खुणेवर बसत नाही, त्याला आरंभाची एक आणि अखेरची एक अशा दोन खुणा लागतात, हे आज मला सांगायचे आहे.

फिल्मच्या काळात एक खूण पुरत असे. चित्र ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर असे आणि टेपवरचा ध्वनी तशीच छिद्रे असलेल्या चुंबकीय पट्टीवर उतरवून घेतला जाई. साहाय्यक संकलक चित्रात क्लॅपची फळी मिटल्याची फ्रेम शोधी, ध्वनीत ‘टक्’ शोधी, दोन्हींवर पेन्सिलीने फुली मारी आणि दोन्ही पट्ट्या सिंक्रोनायझरच्या दातेरी चाकांवर शेजारी शेजारी बसवी. एका फ्रेमला चार छिद्रे असल्यामुळे सरकले तरी पाव फ्रेमच्या हिशेबात सरके, आणि पुढचे सगळे ते दात सांभाळत. संगणकातल्या टाइमलाइनला, म्हणजे चित्र-ध्वनीचे तुकडे (क्लिप) काळाच्या क्रमाने मांडायच्या पट्टीला, असे दात नाहीत. तिथे दोन क्लिप एका जागी जुळवल्या, तरी तासाभराने त्या जुळलेल्याच असतील, याची हमी कोणीच देत नाही.

जुळवणीआधीची मांडामांड कंटाळवाणी असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. मात्र माझ्याकडे आलेली अर्धी भांडणे तिच्या अभावातूनच निघालेली आहेत. प्रत्येक कार्ड जसेच्या तसे, त्यातल्या फोल्डरांसकट, दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावे. मूळ फाइलींची नावे बदलू नयेत, कारण संकलन सॉफ्टवेअर पुढे त्याच नावांनी त्या शोधणार असते. पण एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांत एकाच नावाच्या फाइली हमखास सापडतात, म्हणून वरच्या फोल्डरला कॅमेऱ्याचे अक्षर, कार्डाचा क्रमांक आणि तारीख द्यावी. काही कॅमेरे लांब चित्रणाची फाइल ४ जीबीला तोडतात. ते तुकडे आधी क्रमाने जोडून मग त्यांना एकच क्लिप मानावे. सगळे चित्र सेकंदाला २५ फ्रेमचे आणि सगळा ध्वनी ४८,००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेला आहे ना, हे तपासावे. रेकॉर्डर चुकून ४४,१०० वर राहिला आणि त्याची फाइल कुठेतरी ४८,००० समजून वाचली गेली, तर एका तासाचा ध्वनी ५५ मिनिटे साडेसात सेकंदांत संपतो आणि नायकाचा आवाज पोरसवदा होतो. मोबाइलच्या चित्रणात फ्रेमचा वेगच अधूनमधून बदलत असल्यामुळे ते आधी स्थिर २५ फ्रेममध्ये रूपांतरित केल्याशिवाय टाइमलाइनवर घेऊ नये.

आता प्रत्यक्ष जुळवणी. आजची सॉफ्टवेअरे ध्वनीचे वेव्हफॉर्म, म्हणजे त्याच्या चढउताराचे आलेख, ताडून क्लिप आपोआप जुळवतात आणि बोलण्याच्या बाबतीत ती बहुधा बरोबर असतात, कारण बोलणे सहसा जसेच्या तसे पुन्हा येत नाही. ताल मात्र पुन्हा पुन्हा येतो. एका गावच्या कीर्तनाचे काम माझ्याकडे होते. दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप यंत्राने झटक्यात जुळवल्या, मी टाळकऱ्यांच्या हातांकडे पाहिले, प्रत्येक टाळ ठोक्यावर पडत होती, आणि मी निश्चिंतपणे पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी बुवांच्या चेहऱ्याचा जवळचा शॉट लावला, तेव्हा कळले की हात जुळलेले आहेत आणि ओठ चुकलेले आहेत. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात यंत्राने एक अख्खे आवर्तन चुकवून दुसरा कॅमेरा बसवला होता! तेव्हापासून संगीताच्या कामात मी यंत्राला गाण्यावर जुळवू देत नाही. कोणीतरी खोकलेला, माइकला धक्का लागलेला, बुवांनी मध्येच कोणाला तरी पाणी मागितलेले, असा एकदाच घडलेला आवाज शोधतो आणि त्यावर जुळवतो.

याहून सूक्ष्म अडचण अंतराची आहे, आणि इथे यंत्र बरोबर असूनही चित्र चुकते. साधारण २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. शेवटच्या रांगेमागे, रंगमंचापासून २५ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत संवाद सुमारे ७३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. आपली एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे हा उशीर जवळजवळ दोन फ्रेमचा झाला. चित्र मात्र त्या कॅमेऱ्याला तत्क्षणी मिळालेले असते. रंगमंचावरच्या माइकचा ध्वनी प्रमाण धरून यंत्राने मागच्या कॅमेऱ्याचा आवाज त्याच्याशी जुळवला, की आवाजाबरोबर चित्रही दोन फ्रेम अलीकडे ओढले जाते आणि अभिनेत्याचे ओठ शब्दाआधी हलू लागतात. पाच मीटरवरच्या कॅमेऱ्यात ही चूक १५ मिलिसेकंदांची असते, म्हणून जवळच्या शॉटवरून मागच्या कॅमेऱ्यावर कट केला की सिंक दीड फ्रेमने उडी मारतो. पाहणाऱ्याला काय खटकले ते सांगता येत नाही, पण खटकते.

नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी धुणे आपटत असेल, तर आपटणे आधी दिसते आणि आवाज मागून येतो. त्या उशिराची आपल्याला सवय आहे, उलट क्रमाची नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या शिफारशीत हाच भेद दिसतो : ध्वनी चित्राच्या पुढे असेल तर ४० मिलिसेकंदांपर्यंत आणि मागे असेल तर ६० पर्यंत चालेल. आपले ७३ त्या मर्यादेबाहेर जातात. उपाय साधा आहे. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र दोन फ्रेम उजवीकडे सरकवावे. त्याचा आवाज प्रेक्षागृहातल्या हशा-टाळ्यांसाठी वापरायचा असेल, तर तो चित्रापासून सोडवून आहे तिथेच ठेवावा, नाहीतर संवादांना प्रतिध्वनी येतो.

ही तपासणी डोळ्यांनी करायची, तर चित्र आणि ध्वनी दोन्हींत दिसेल अशी खूण हवी. नाटकाची तिसरी घंटा सगळ्या माइकना ऐकू येते, पण ती कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. पडदा सगळ्यांना दिसतो, पण त्याला नेमका आवाज नाही. म्हणून प्रेक्षागृह रिकामे असतानाच सगळी यंत्रे सुरू करून एकाने रंगमंचाच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवावी, आणि हात क्षणभर मिटलेलेच ठेवावेत, म्हणजे ते मिटल्याची फ्रेम नेमकी सापडते. कार्डावर अर्धा तास जास्त खर्च होतो. तो होऊ द्यावा. कलाकारांचा नमस्कार होऊन पडदा पडला, प्रेक्षक निघाले, तरी यंत्रे बंद करू नयेत. तशीच दुसरी टाळी घ्यावी.

या दुसऱ्या टाळीचा उपयोग घड्याळांची घसरण मोजण्यासाठी असतो. प्रत्येक यंत्रातले घड्याळ चालवणारा स्फटिक दुसऱ्याहून किंचित वेगळा धावतो. दोन यंत्रांत दहा लाखांत २० भागांचा फरक असेल, तर तीन तासांच्या प्रयोगाअखेर २१६ मिलिसेकंद, म्हणजे पाच फ्रेमहून अधिक तफावत पडते. पहिल्या अंकात निर्दोष वाटलेले काम भरतवाक्यापर्यंत डबिंगसारखे दिसू लागते ते यामुळे. टाइमकोडचे, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकच वेळ नोंदवायला देणारे, छोटे डबे कॅमेऱ्यांना लावले, तर प्रत्येक फाइल कुठे सुरू झाली हे अचूक कळते, परंतु फाइल सुरू झाल्यावर ध्वनी रेकॉर्डर आपल्याच घड्याळाने चालतो, त्यामुळे सलग लांब चित्रणातली घसरण उरतेच. ध्वनीचा वेग बदलून ती काढायची म्हटले, तर बदल सुमारे ०.००२ टक्क्यांचा असतो आणि बऱ्याच सॉफ्टवेअरांत वेगाच्या चौकटीत दोनच दशांश स्थळे मावतात. मी काळोख, प्रवेशबदल आणि मध्यंतर या जागी ध्वनी कापतो आणि प्रत्येक प्रवेश नव्याने जुळवतो. चार-पाच तुकड्यांत तफावत एका फ्रेमच्या आसपास येते आणि सांधा कोणाला ऐकू येत नाही.

जुळवणी झाली, की प्रत्येक ट्रॅकची जागा ठरवून टाकावी : वर चित्रे, खाली आधी रंगमंचाचे माइक, मग मिक्सर, मग कॅमेऱ्यांचे आवाज. कॅमेऱ्यांचे आवाज मूक करावेत, पण शेवटपर्यंत पुसू नयेत, कारण संकलनात एखादी क्लिप सरकली तर परतीची वाट तेच दाखवतात. ध्वनिमिश्रणासाठी काम बाहेर पाठवताना पहिल्या चित्राच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा, १,००० हर्ट्झचा बीप आणि त्याच फ्रेमवर चित्रात २ हा आकडा ठेवण्याची पद्धत आहे. बरेच जण तिथेच थांबतात. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी तसाच आणखी एक बीप ठेवावा, आणि मिश्रण होऊन परत आलेली फाइल उघडल्यावर आधी हा शेवटचा बीप जागेवर आहे का ते पाहावे, मग पहिला.